फिनलंडच्या लेखिका सोफी ओक्सानेन : जीवन व वाङ्मयकार्य
(शिक्षकांच्या स्वयंअध्ययनासाठी व केंद्रबैठकीतील चर्चेसाठी)

इतिहास शिकविताना आपण बहुधा सनावळी, तह व लढाया यांवर भर देतो. त्याच घटनांनी सामान्य माणसाच्या घरात काय उलथापालथ केली, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. ही उणीव वाङ्मय कशी भरून काढते, याचे एक उत्तम उदाहरण म्हणून फिनलंडच्या कादंबरीकार व नाटककार श्रीमती सोफी ओक्सानेन यांचा परिचय येथे करून देत आहोत.

१. पार्श्वभूमी

युरोपचा नकाशा समोर घ्यावा. उत्तरेस फिनलंड, दक्षिणेस एस्टोनिया व मध्ये फिनलंडचे आखात. हेलसिंकी व टॅलिन या दोन राजधान्यांत जेमतेम ८० किलोमीटरांचे पाणी आहे. दोन्ही देशांच्या भाषाही सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. परंतु दोघांचे भाग्य भिन्न ठरले. फिनलंडने आपले स्वातंत्र्य राखले. एस्टोनियाने १९१८ साली स्वातंत्र्य घोषित केले खरे. परंतु १९४० मध्ये सोव्हिएत संघाने, १९४१ मध्ये जर्मनीने व १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाने तो देश व्यापला. मार्च १९४९ मध्ये अवघ्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे सायबेरियाकडे हद्दपार करण्यात आली. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा अधिक होता. १९९१ मध्ये एस्टोनिया पुनश्च स्वतंत्र झाला.

२. बालपण व शिक्षण

श्रीमती ओक्सानेन यांचा जन्म १९७७ साली मध्य फिनलंडमधील युवास्क्युला या नगरात झाला. त्यांचे वडील फिनिश व आई एस्टोनियन. बालपणी आईसमवेत त्या एस्टोनियातील आजोळी जात. आपल्या शाळेत ज्या गोष्टी कधी शिकविल्या गेल्या नाहीत, त्यांचा परिचय त्यांना आजोळच्या घरात झाला. पुढे त्यांनी विद्यापीठात साहित्याचा व हेलसिंकीच्या नाट्य अकादमीत नाट्यलेखनाचा अभ्यास केला.

३. ग्रंथसंपदा

‘स्टालिनच्या गायी’ ही त्यांची पहिली कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. या नावात कडवट उपहास आहे. एस्टोनियन लोक शेळ्यांना ‘स्टालिनच्या गायी’ म्हणत. कादंबरीतील अॅना ही मुलगी फिनलंडमध्ये वाढते. आपण एस्टोनियन आहोत, हे बाहेर कोणास कळू द्यावयाचे नाही, असा तिच्या आईचा दंडक असतो. घरातील ही लपवालपवी मुलीच्या मनात व शरीरात शिरते आणि अन्नाशी असलेले तिचे नातेच बिघडते.

‘शुद्धीकरण’ ही कृती मुळात नाटक आहे. २००७ साली हेलसिंकीच्या राष्ट्रीय रंगभूमीवर त्याचा प्रयोग झाला व पुढील वर्षी लेखिकेने त्याच विषयावर कादंबरी लिहिली. काळ १९९२ चा. आलिदे ही वृद्धा एस्टोनियातील एका खेड्यात एकटी राहत असते. एके सकाळी तिच्या अंगणात झारा नावाची एक तरुणी गलितगात्र होऊन पडलेली आढळते. झारा व्लादिवोस्तोकची असून नोकरीच्या आमिषाने तिला फसवून देहविक्रयात ढकलण्यात आलेले असते. ती आपल्याच बहिणीची नात आहे, हे आलिदेला हळूहळू उमगते. ती बहीण हद्दपार झाली, त्यात आलिदेचाही हात होता. भय, मत्सर व सत्तेचा दबाव यांनी माणूस आपल्याच रक्ताशी द्रोह कसा करतो, हा या कथेचा गाभा आहे. लेखिका आलिदेला निर्दोष ठरवीत नाही; परंतु तिने स्वतः भोगलेला छळही झाकून ठेवीत नाही.

या कादंबरीस २००८ चे फिनलंडिया पारितोषिक व २०१० चे नॉर्डिक परिषदेचे साहित्य पारितोषिक मिळाले. २०१२ साली तिच्यावर चित्रपट व संगीतिकाही झाली. एस्टोनियात मात्र काही वाचकांनी हे चित्र अतिगडद असल्याचा आक्षेप घेतला.

त्यानंतर ‘कबुतरे नाहीशी झाली तेव्हा’ (२०१२), ‘नॉर्मा’ (२०१५) व युक्रेनच्या पार्श्वभूमीवरील ‘कुत्र्यांची बाग’ (२०१९) या कादंबऱ्या आल्या. संगीतकार काया सारिआहो यांच्या ‘इनोसन्स’ या संगीतिकेची संहिता त्यांचीच असून तिचा पहिला प्रयोग २०२१ साली फ्रान्समध्ये झाला.

४. शिक्षकांसाठी बोध

हे वाङ्मय प्रौढांसाठी आहे. त्यातील कथा बालकांस सांगावयाच्या नाहीत. परंतु शिक्षकाने त्यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. आपल्या वर्गातही घरची बोली, जात वा कुळाची एखादी जुनी व्यथा झाकून बसलेले मूल असू शकते. अशा मुलाचे मौन म्हणजे मठ्ठपणा नव्हे. त्याची बोली वर्गात हास्याचा विषय होणार नाही, एवढी दक्षता घेतली तरी त्याच्या मनावरील मोठे ओझे उतरेल.

चर्चेसाठी प्रश्न

(१) एकच विषय नाटकात व कादंबरीत मांडताना लेखकास कोणत्या निरनिराळ्या सोयी व अडचणी येतात?
(२) आलिदेचा अपराध व तिचे दुःख यांचा न्याय आपण कसा कराल?
(३) आपल्या गावातील वृद्धांच्या आठवणी इतिहासाच्या पाठात कशा उपयोगात आणता येतील?