शीट फिल्म घरी धुताना: आकाशातले पट्टे

चार बाय पाचची शीट फिल्म घरी धुणाऱ्याला पहिला दणका बहुतेक वेळा आकाशच देतं. खडक, झाडी, किल्ल्याचा तट यांच्या पोतात डेव्हलपिंगचे दोष खपून जातात. मोकळ्या आकाशात मात्र ते उघडे पडतात. हरिश्चंद्रगडावरच्या माझ्या एका निगेटिव्हमध्ये कोकणकड्याचा कातळ अगदी हवा तसा उतरला होता, पण वरच्या आकाशात दोन्ही कडांना दाट पट्टे आणि मध्ये विरळ भाग. म्हणजे प्रिंटमध्ये कडा उजळ आणि मधोमध काळवंडलेलं आकाश. त्या संध्याकाळी आकाश एकसारखं ढगाळ होतं, तेव्हा निसर्गाला दोष देण्याचा प्रश्नच नव्हता.

असे पट्टे दिसले की जाणकार मंडळी सल्ले देऊ लागतात. डेव्हलपर बदला, टाकी बदला, जास्त हलवा, कमी हलवा. माझं कळकळीचं सांगणं आहे की यातलं काहीही लगेच करू नका. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि दोष गेला, तरी कशामुळे गेला हे कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतो. आधी दोष नेमका कुठल्या टप्प्यावर घुसला ते शोधा.

सुरुवात निगेटिव्हच्या कोऱ्या किनारीपासून करा. होल्डरच्या पट्टीखाली झाकलेल्या त्या चिंचोळ्या भागावर कॅमेऱ्यातला उजेड पडलेला नसतो. तो स्वच्छ असेल, तर फिल्म भरताना किंवा काढताना उजेड लागला ही शंका बरीचशी मिटते. किनारही काळवंडली असेल तर बाथरूमच्या दाराची फट तपासा. डेव्हलपरशी भांडून उपयोग नाही. मग लेन्सकडे वळा. ९० मिमीसारख्या वाइड लेन्सने कोपऱ्यांत मध्यापेक्षा दीड स्टॉपपर्यंत कमी उजेड पोचू शकतो, त्यामुळे कोपरे विरळ येतात. त्यात कॅमेऱ्याचा समोरचा भाग वर उचललेला असेल, तर ही घट एकाच बाजूला जास्त दिसते आणि हुबेहूब धुण्यातला दोष वाटते.

शंका उरलीच, तर सावलीतली साधी भिंत गाठा. १५० मिमी लेन्स लावा, फोकस मुद्दाम पूर्ण घालवा आणि मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त देऊन दोन शीटवर तीच भिंत घ्या. दोन्ही एकाच टाकीत धुवा, पण एकीची कोपऱ्यातली ओळखीची खाच वर आणि दुसरीची खाली ठेवा. सुकल्यावर दोन्ही शीट खाच एकाच कोपऱ्यात येईल अशा शेजारी ठेवून बघा. पट्टा दोन्हींवर एकाच जागी असेल तर दोष कॅमेऱ्यातला किंवा होल्डरमधला. एकीवर वर आणि दुसरीवर खाली असेल, तर तो टाकीतला. दोन शीट खर्ची पडतात, पण महिनोन् महिने अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे स्वस्त. बघण्यासाठी मोबाइलचा पूर्ण पांढरा पडदा चालतो. निगेटिव्ह मात्र त्यापासून बोटभर वर धरा, नाहीतर पडद्याचे ठिपकेच दिसत राहतात.

माझ्या बाबतीत पट्टा टाकीबरोबर फिरला. खरं कारण होतं पाणी. पुण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज तिशीच्या पुढे जातं. एचपी५ प्लस फिल्म एचसी-११० डेव्हलपरच्या बी प्रमाणात २० अंशांना ५ मिनिटं मागते. २४ अंशांना तीच वेळ साडेतीन मिनिटांवर येते. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारे सेकंदही हिशेबात मोठे ठरतात. जो भाग आधी भिजला तो पुढे निघून जातो, आणि मागे राहिलेल्याला बरोबरी साधायला वेळच उरत नाही. टाकीत धुताना पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ टाळावी, हा कोडॅकचा जुना सल्ला आपल्याकडे तर भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

उपाय म्हणजे पातळ द्रावण आणि लांब वेळ. तीच फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटं घेते आणि २४ अंशांना साधारण ९. मी उन्हाळ्यात २४ अंशच धरतो. २०चा हट्ट धरला तर तेवढ्या वेळात द्रावण तापत जातं आणि शेवटी नेमकं किती अंशांवर धुतलं हेच सांगता येत नाही. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. बादलीत टाका आणि बाटल्या, टाकी, धुवायचं पाणी सगळं त्या बादलीत उभं करा. पातळ द्रावणात मूळ डेव्हलपर पुरेसा आहे ना, हेही बघा. चार बाय पाचच्या चार शीट म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिमीचा एक ३६ फोटोंचा रोल, तेव्हा मूळ डेव्हलपरही तेवढाच लागतो.

हलवण्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकसारखं जोरात हलवलं की फिल्म अडकवायच्या खाचांतून द्रावण झोताने जातं आणि नेमक्या त्या कडा दाट होतात. अजिबात न हलवता ठेवलं तर डेव्हलपिंगमधून सुटणारं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि वाटेत काम मंदावतं. इल्फर्डची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते: पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच, आणि प्रत्येक वेळी शेवटी टाकी ओट्यावर हलकेच आपटायची. त्या आपटण्याने हवेचे बुडबुडे सुटतात. नाहीतर निगेटिव्हवर स्वच्छ कडेचे गोल विरळ ठिपके राहतात. उलटवताना मनगटही थोडं फिरवा, म्हणजे द्रावण दर वेळी त्याच वाटेने जात नाही.

ट्रेमध्ये धुणाऱ्यांनी शीट आधी साध्या पाण्यात एकेक करून भिजवाव्यात. कोरड्या शीट एकत्र टाकल्या तर अंधारात एकमेकींना चिकटतात आणि चिकटलेल्या जागी डेव्हलपर पोचतच नाही. मग तळातली शीट अलगद काढून वर, असं शेवटपर्यंत. ट्रे फिल्मपेक्षा मोठा हवा. मी आठ बाय दहाचा वापरतो. रोटरी यंत्रात मात्र आधी भिजवू नये असं इल्फर्डच सांगतं, तेव्हा एका पद्धतीचा नियम दुसरीला लावू नका.

निगेटिव्हवर दुधाळ डाग दिसले तर घाबरू नका. तो अपुऱ्या फिक्सिंगचा दोष, आणि ताज्या फिक्सरमध्ये परत घातलं की बहुतेक वेळा जातो. डेव्हलपिंगचे पट्टे मात्र असे पुसता येत नाहीत. म्हणून पायपीट करून गाठलेल्या जागेच्या मी नेहमी दोन शीट घेतो, दोन वेगवेगळ्या होल्डरमध्ये, आणि पहिली सुकून नीट तपासल्याशिवाय दुसरी धुवायला काढत नाही.