बँक खात्यातील फसवणूक व ठेवीदाराचे संरक्षण

शेतकऱ्याच्या खात्यात मोठी रक्कम वर्षातून एकदोन वेळाच जमा होते. उसाचे बिल, कापसाची पट्टी किंवा पीककर्ज यांवर पुढील हंगामाची बी-बियाणे व खते अवलंबून असतात. ही रक्कम ठकाने काढून घेतल्यास पेरणीच अडते. अशा वेळी आपले हक्क कोणते व प्रथम काय करावे, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नियम काय सांगतो

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी वाणिज्य बँकांसाठी, व त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी सहकारी बँकांसाठी, याविषयी नियम घालून दिले. खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांना ते लागू होतात. त्यांचा सारांश असा:

१. बँकेच्या हयगयीमुळे पैसे गेले असल्यास खातेदारावर कोणताही भार नाही.

२. दोष बँकेचा नाही व खातेदाराचाही नाही, अशा प्रकरणी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास सर्व रक्कम परत मिळते. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरीत नाहीत.

३. चार ते सात दिवसांत कळविल्यास खातेदाराने सोसावयाच्या नुकसानीस मर्यादा आहे. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यास ती ५,००० रुपये व इतर बचत खात्यांस १०,००० रुपये ठरविण्यात आली. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो.

४. खातेदाराने स्वतः गुप्त अंक सांगितला असल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

५. खातेदाराचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. कळविल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी व ९० दिवसांत तक्रार निकालात काढावी, असेही नियमात आहे.

उदाहरणार्थ, बचत खात्यातून १८,००० रुपये गेल्याचा संदेश सोमवारी आला. दोष कोणाचाच नाही. गुरुवारपर्यंत कळविल्यास १८,००० रुपये परत मिळतील. पुढील सोमवारी कळविल्यास ८,००० रुपयेच मिळतील. विलंबाची किंमत येथे स्पष्ट दिसते.

या नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असते. यास्तव चालू मर्यादा आपल्या शाखेत विचारून घ्याव्यात.

नियमाची उणीव

ठकाच्या भुलावणीस बळी पडून खातेदाराने स्वतःच्या हाताने पैसे पाठविले, तर वरील संरक्षण सहसा मिळत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीतही काही अटींवर भरपाई देणे बँकांस बंधनकारक झाले. २०१७ च्या आपल्या नियमांत तशी तरतूद नाही. म्हणून सावधगिरी हाच खरा उपाय होय. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त अंक कधीही लागत नाही. तो कोणी मागितल्यास फसवणूक समजावी. शासकीय योजनेचे नाव सांगून भ्रमणध्वनीवर आलेली अनोळखी फाईल उघडू नये.

फसवणूक होताच काय करावे

(अ) बँकेस ताबडतोब कळवून खात्यातील व्यवहार थांबवावेत व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

(आ) १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम ठकाने काढून घेण्यापूर्वी ती दुसऱ्या खात्यात गोठविता येते. स्वतःच्या हाताने पैसे पाठविले असले, तरी हा मार्ग खुला आहे.

(इ) शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. संदेश पुसून टाकू नयेत.

(ई) ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. आपली बँक या योजनेत येते की नाही, हे शाखेत विचारावे.

ग्राम कार्यकर्त्यांस सूचना

फसलेला मनुष्य लाजेपोटी गप्प राहतो व त्यातच मोलाचे दिवस निघून जातात. कार्यकर्त्यांनी त्यास दोष न देता त्याच दिवशी अर्ज लिहून द्यावा. १९३० हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी व दूध संकलन केंद्राच्या फलकावर ठळक लिहावा. खात्यास स्वतःचाच भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला आहे, याची प्रत्येक शेतकऱ्याकडून खात्री करून घ्यावी. कारण संदेश वेळेवर मिळाला, तरच तक्रार वेळेवर होईल.