ऑक्सिजन सेन्सर : आधी तपासा, मग स्वतः बदला

व्यापारी बांधवांनो, आपल्यापैकी अनेकांकडे दहा-बारा वर्षे जुनी पेट्रोल गाडी आहे. बाजाराची फेरी, कापडाचे गठ्ठे, घरच्यांचा प्रवास, सर्व तिच्यावरच. अशा गाडीत स्टिअरिंगसमोर इंजिनचा पिवळा दिवा पेटला की पुष्कळदा एकच निदान कानी पडते, "ऑक्सिजन सेन्सर गेला." आम्ही भिवंडीतील कापडवाले, मोटारीचे कारागीर नव्हे. परंतु या एका भागापायी एकदा पैसे वाया घालवले आणि नंतर तोच भाग स्वतःच्या हातांनी बदलला. त्यातून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत आट्यांनी बसवलेला, अंगठ्याएवढा भाग. बॉश कंपनीने तो तयार केला आणि १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत तो प्रथम आला. पेट्रोल पुरते जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला हे सेन्सर पाहतो आणि विजेच्या दाबाने गाडीच्या संगणकाला कळवतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ ते ०.२. त्याप्रमाणे संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक तापतार असते. नळीतील शुद्धिकारकाच्या म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी पहिला सेन्सर असतो, बहुतेक गाड्यांत त्याच्या पुढे दुसराही असतो.

आता आमची चूक ऐका. गाडी २०१३ सालची. दिवा पेटला, गॅरेजवाल्याने यंत्र लावले, पी ०१७१ असा कोड निघाला. त्याने सेन्सर बदलला, मजुरीसह ४,८०० रुपये घेतले. नवव्या दिवशी दिवा पुन्हा पेटला! आमच्या शेजारी कारखान्यात एक जुना जॉबर आहे. त्याला हकिकत सांगितली तर तो म्हणाला, "शेठ, बाणा तुटला की काटा माग थांबवतो. माग सारखा थांबू लागला तर तुम्ही काटा बदलता, की आधी सूत बघता?" बॉनेट उघडून त्याने हवेच्या रबरी नळ्यांवरून बोट फिरवले. एका नळीला मागच्या बाजूने चीर होती. तिच्यातून जादा हवा आत जात होती आणि सेन्सर बिचारा खरेच सांगत होता. नळी १२० रुपयांना आली.

पी ०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त आहे. सेन्सर बिघडला असे तो कोड म्हणत नाही. तसेच पी ०४२० हा कोड शुद्धिकारकाकडे बोट दाखवतो. पी ०१३५ मात्र पहिल्या सेन्सरच्या तापतारेविषयी बोलतो आणि पी ०१३३ त्याच सेन्सरच्या मंदपणाविषयी. तेव्हा कोड आधी स्वतः पाहावा. मोबाईलला जोडणारे छोटे यंत्र हजाराच्या आत मिळते. नंतर फ्यूज पाहावा, वायर नळीला टेकून वितळली आहे का ते पाहावे, आणि सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सर फुटका नाही ना याची खात्री करावी. तेथून हवा शिरली तरी सेन्सर फसतो.

दोन वर्षांनी आमच्या गाडीत पी ०१३५ निघाला. फ्यूज शाबूत होता. सेन्सरला चार वायर असतात, त्यांपैकी एकाच रंगाच्या दोन, आमच्या गाडीत पांढऱ्या, तापतारेच्या. थंड सेन्सरचा प्लग सोडवून त्या दोघींमध्ये मल्टिमीटर लावला. चांगल्या तारेवर काही ओहम दिसतात, आमच्याकडे काहीच दिसेना. तार तुटली होती, यावेळी गुन्हेगार सेन्सरच होता.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर भाव विचारले. एकाच खोक्यात तिप्पट फरकाचा माल! कापडाच्या किनारीवर दुसऱ्याचा छाप मारून माल विकणारे आपण पाहिले आहेत, हा प्रकार त्यातलाच. आम्ही कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, गाडीचा नंबर सांगून, आपल्याच प्लगचा सेन्सर पक्क्या पावतीवर घेतला. वायर कापून जोडायचा सर्वसाधारण सेन्सर स्वस्त असतो, पण तो नवशिक्याने घेऊ नये. या वायरींना डाग देणे योग्य नाही, कारण बऱ्याच सेन्सरांना बाहेरची हवा त्यांच्यातूनच पोहोचते.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारले. सकाळी इंजिन दोन मिनिटे चालवून बंद केले. कोमट नळीत आटे लवकर सुटतात, मात्र जाड हातमोजे हवेतच. बॅटरीची ऋण तार काढली, आधी प्लग सोडवला आणि मग वायरसाठी खाच असलेला बावीसचा पाना लावला. सुटताना आटे कचकचले तर जोर करू नये, थोडे पुढे, थोडे मागे असे करावे. तरीही हलेना तर तेथेच थांबून गॅरेज गाठावे. नळीचे आटे गेले तर सेन्सरपेक्षा मोठा खर्च होतो. दुसरा सेन्सर गाडीखालून काढावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, लोखंडी स्टँड लावावेत.

नव्या सेन्सरच्या टोकाला बोट लावू नये. आट्यांवर लेप बहुधा कारखान्यातूनच येतो. नसेल तर सेन्सरसाठीचाच लेप, फक्त आट्यांवर, टोकाला नाही. सुरुवातीचे आटे हातानेच बसवावेत. शेवटी साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर इतके घट्ट करावे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. जवळपास सिलिकॉनचे सीलंट वापरू नये, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

कोड पुसून गाडी चालवली. मोबाईलवर पहिल्या सेन्सरचा आकडा ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान झरझर वर-खाली होत होता. असे नाचणे ही चांगली खूण. काही गाड्यांत निराळ्या जातीचा, हवा-इंधन प्रमाण मोजणारा सेन्सर असतो. त्याला ही परीक्षा लागू नाही. सर्व मिळून अडीच हजार रुपये आणि एक सकाळ गेली.

काढलेला सेन्सर फेकण्यापूर्वी त्याचे टोक पाहावे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरा थर असेल तर रेडिएटरचे पाणी किंवा सिलिकॉन आत येत असण्याचा संभव आहे. असे दोष तसेच राहिले तर नवा सेन्सरही फार दिवस टिकणार नाही. आमच्या सेन्सरचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे होते, म्हणजे नुसते म्हातारपण.