पारोळ्याचा कोट आणि घरे

धुळ्याहून जळगावकडे निघाले, की कपाशीच्या काळ्याभोर रानांतून वाट पारोळ्यास येते. पूर्वी हे अवघ्या पन्नास घरांचे खेडे होते, असे सांगतात. हरि सदाशिव दामोदर यांनी ते वाढविले व १७२७ साली येथे ऐसपैस भुईकोट बांधला. भोवती खंदक, दारी उचलता पूल! १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त करून कोट मोडला.

कोट पाहून पाहुणे परततात. खानदेशातील जुन्या घरांत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. ओसरीवरून आत जावे व मान वर करावी. धाब्याचा सारा भार लाकडी खांब व तुळया पेलतात. मातीच्या भिंती केवळ आडोशाला. जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग नगरीतही घरे अशीच लाकडी सांगाड्यावर उभी आहेत. तेथे तो सांगाडा रस्त्यावरूनच दिसतो व लोक तो मुद्दाम पाहावयास जातात. येथे घर पाडले, की तुळया वखारीत विकल्या जातात.