फ्रेंच पेस्ट्री, चार महाविगई आणि व्यापाऱ्याचा शब्द

भट्टीचे पदार्थ मालव्याला परके नाहीत. बाफला आधी उकळावा, मग भाजावा व शेवटी तुपात बुडवावा, ही रीत उज्जयिनीच्या घराघरांत आहे. परंतु बाफल्यात काय पडले हे गृहिणीला ठाऊक असते. फ्रेंच पद्धतीच्या पेस्ट्रीत काय पडले हे केवळ बनविणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून हा विषय जितका आहाराचा, तितकाच व्यापाराचाही आहे.

मुंबईचे एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. पूजा धिंग्रा यांनी पॅरिस येथील ‘ल कॉर्दों ब्लू’ या पाकविद्यालयात शिक्षण घेऊन २०१० साली ‘ले १५’ ही बेकरी काढली. पॅरिसच्या १५ व्या विभागावरून तिला हे नाव मिळाले, आणि मॅकरॉन या मिठाईने तिची ख्याती झाली. मूळ फ्रेंच रीतीचा मॅकरॉन बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांचा होतो. पाहणाऱ्यास मात्र तो निव्वळ बदामाचा वाटावा!

आता आपल्या श्वेतांबर परंपरेतील २२ अभक्ष्यांकडे वळू. त्यांत मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगई येतात. आश्चर्य असे की, या चारही वस्तू फ्रेंच पाकशाळेत नित्याच्या आहेत. काही केक रममध्ये भिजवितात. थिजविलेल्या मलईत प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते. नूगा नावाच्या मिठाईत मध असतो. आणि लोणी तर पफ पेस्ट्रीचा प्राणच होय. मैद्याच्या पोळीत लोणी ठेवून तीन पदरी घडी सहा वेळा घातली, की ७२९ थर होतात. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होते व पापुद्रे सुटतात.

‘वेष्टनावर हिरवी खूण आहे, मग चिंता कसली?’ असे पुष्कळांना वाटते. तथापि ती खूण प्राणिजन्य घटकांपुरतीच बोलते. अंडे व जिलेटिन तिच्यामुळे वगळले जातात. परंतु दूध, दुधाचे पदार्थ व मध यांना नियमानेच सूट आहे, आणि मद्याचा विचार तीत नाही. म्हणजे चार महाविगईंपैकी एकीचीच ग्वाही ती खूण देते. उरलेल्या तिघींची ग्वाही विकणाऱ्यानेच द्यावयाची असते.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. चिरोट्याला पदर सुटतात ते तूप व तांदळाच्या पिठाच्या साट्याने. नुसते तूप पातळ होऊन वाहून जाते. पिठामुळे ते जागी राहते. फ्रेंच पफइतका फुगवटा त्याला येणार नाही, पण खुसखुशीतपणात ते उणे ठरत नाही.

आचाराच्या बाबतीत घरोघर तारतम्य असते. कोणी लोणी वर्ज्य मानतात, कोणी मानीत नाहीत. तो निर्णय श्रावकाचा आहे. मात्र तो घेता यावा म्हणून खरी माहिती पुरविणे हे दुकानदाराचे काम आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेय व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे एक वस्तू दुसरीच्या नावाने खपविणे. वनस्पती तुपाची खारी शुद्ध तुपाची म्हणून देणे, किंवा चौकशी न करताच ‘यात काही नाही’ असे सांगणे, हे त्याच वाटेवरचे पाऊल होय.

म्हणून आमची सभासद बंधु-भगिनींना सूचना अशी : बेकरीचा माल विकणाऱ्याने व घेणाऱ्यानेही मद्य, अंडे वा जिलेटिन, मध आणि लोणी हे चार प्रश्न कारागिराला विचारावेत, आणि मिळालेले उत्तर पाटीवर स्पष्ट लिहावे. उत्तर मिळाले नाही, तर ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे. त्यामुळे एखादे गिऱ्हाईक परत जाईल. पण पुढच्या वेळी ते विश्वासाने आपल्याच दुकानी येईल.