परसांत सांपडलेल्या जुन्या वस्तू

पावसाळ्याच्या तोंडीं परसांत शेवग्याकरितां खड्डा खणावा, आणि हातभर खोल गेल्यावर कुदळीखालीं कांहीं खणकन वाजावें, हा प्रसंग आपल्या देशावरील खेड्यांत अगदींच नवा नाहीं. माती बाजूला सारून पाहिलें असतां एखादें मडकें, रंगविलेलीं खापरें, हिरवट पडलेला तांब्याचा तुकडा, अथवा भोंक पाडलेला मणी हातीं येतो. लागलीच चार माणसें जमतात. एक म्हणतो, “खालीं गुप्तधन आहे.” दुसरा म्हणतो, “हें बाहेरचें आहे, हात लावूं नका.” तिसरा म्हणतो, “मोडींत घाल, चार पैसे येतील.” ह्या तिघांपैकीं एकाचाही सल्ला चांगला नाहीं. चांगला सल्ला कोणता, हें आजच्या पाठांत पाहूं.

१. दायमाबादचा दाखला

पूर्वीं ज्यास अहमदनगर म्हणत व २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या जिल्ह्यांतील श्रीरामपूर तालुक्यांत, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर, दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तेथें १९७४ सालीं एक भिल्ल शेतकरी झुडुपाचें मूळ खणून काढीत होता. त्यास जमिनींत चार भरीव ओतीव वस्तू सांपडल्या. एक दोन बैलांचा रथ, व त्यांत उभा राहून तो हांकणारा माणूस, दुसरा रेडा, तिसरा हत्ती, चौथा गेंडा. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, म्हणजे एक हात. चारींचें वजन मिळून ६० किलोंहून अधिक. इतकी धातु पाहून एखाद्यानें ती भट्टींत घातली असती, तर थोडे दिवस घरांत पैसा खेळला असता, आणि मग कांहींच उरलें नसतें. परंतु त्या वस्तू वांचल्या, आणि आज भारताच्या अति मोलाच्या पुराणवस्तूंत त्यांची गणना होते.

२. जागेची साक्ष

असें असूनही ह्या वस्तू नक्की किती जुन्या, ह्याविषयीं विद्वानांचें एकमत झालेलें नाहीं. कित्येक त्यांस इ. स. पूर्वीं सुमारें २००० ह्या काळांतील, म्हणजे सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळांतील समजतात. दुसरे शंका घेतात. कारण त्यांच्या धातूंत सोमलाचा अंश शेंकडा एकाहून अधिक निघाला, आणि त्या युगाच्या इतर वस्तूंत अशी मिसळ आढळत नाहीं.

हा वाद कां राहिला? वस्तू तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत निघाल्या नाहींत म्हणून. जमीन ही थरांची असते. सहसा खालचा थर जुना, वरचा नवा. वस्तु कोणत्या थरांत होती, तिच्याजवळ कसलीं खापरें होतीं, कोळसा होता कीं काय, ह्यावरून तिचा काळ ठरतो. कोळशाचें वय शास्त्रज्ञांस मोजतां येतें. तांब्याचें तसें मोजतां येत नाहीं. तेव्हां तांब्याचा रथ मुका आहे. त्याच्यासाठीं बोलणारी साक्ष त्याच्या भोंवतालच्या मातींत असते. ती माती एकदां उकरून टाकिली म्हणजे साक्षीदार गेला. त्या शेतकऱ्याचा ह्यांत कांहीं दोष नाहीं. त्यास हें कोणीं सांगितलें नव्हतें. आपणांस आतां सांगितलें आहे.

३. मडक्यांत हाडें निघालीं तर

संगमनेर तालुक्यांतील जोर्वें गांवीं १९५०–५१ सालीं उत्खनन झालें. त्या गांवावरूनच एका प्राचीन संस्कृतीस जोर्वें संस्कृति हें नांव पडलें. तीन हजार वर्षांपूर्वीं दक्षिणेंत शेतीवाडी करून राहणारे हे लोक होते. त्यांचीं मडकीं तांबडीं, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की कीं वाजविलें असतां धातूसारखा नाद निघतो. लहान मूल मेलें म्हणजे ते दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत, त्यांत त्यास निजवीत, आणि आपल्याच घराच्या जमिनीखालीं पुरीत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें अशीं पुष्कळ दफनें सांपडलीं आहेत.

म्हणून अशीं मडकीं निघाल्यास तो करणीचा अथवा भुताखेताचा प्रकार समजूं नये. कोण्या प्राचीन आईबापांनीं आपलें लेंकरूं आपल्या छपराखालीं ठेविलें, एवढेंच त्याचें सांगणें आहे. त्यास भिण्याचें कारण नाहीं. मान देण्याचें मात्र आहे. हाडें नवीं कीं जुनीं हें आपण ठरवूं नये. तीं दिसतांच पोलीस पाटलांस कळवावें.

४. गुप्तधनाचा मोह

भयापेक्षां लोभ अधिक वाईट. धन काढून देतों असें म्हणणारे मांत्रिक आधीं घरांतील होतें नव्हतें तें धन नेतात, आणि कधीं कधीं त्याहून भयंकर कृत्यें घडतात. महाराष्ट्रांत २०१३ सालीं नरबळी व जादूटोणा ह्यांविरुद्ध जो कायदा झाला, त्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्येंही गुन्हा ठरविलीं आहेत. दायमाबादेस मंत्र लागला नाहीं. एका कष्टाळू माणसाची कुदळ लागली.

५. कायदा काय सांगतो

१८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास, ती काय आहे, कोठें व कोणत्या तारखेस सांपडली, हें सांपडणाऱ्यानें होईल तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलें पाहिजे. लपविल्यास त्याचा वांटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. चौकशीअंतीं निधि बेवारशी ठरला, जागा दुसऱ्याची असली, आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या धन्यास मिळतो. दुसऱ्याच्या शेतांत खणणाऱ्या मजुरानें हें विशेष ध्यानांत धरावें. सरकारनें वस्तु स्वतःकडे घेतली, तर धातूची किंमत व तिचा एक पंचमांश अधिक असें द्यावें लागतें. शिवाय १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवान्यावांचून विकण्याचा धंदा करणें व त्या परदेशीं पाठविणें ह्यांस बंदी आहे.

६. काय करावें

(अ) खणणें तेथेंच थांबवावें. आणखी मिळेल म्हणून उकरूं नये.
(आ) वस्तु अर्धी मातींत असल्यास तशीच राहूं द्यावी, व वर गोणपाट घालावें.
(इ) हातीं आली असल्यास चिंच, राख किंवा तेल लावून घासूं नये. तांब्यावरील हिरवा थर व मडक्याच्या आंतली माती ह्यांसही कांहीं सांगावयाचें असतें.
(ई) जागा, खोली व तारीख त्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवावी. साधलें तर छायाचित्र काढावें.
(उ) तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांस, व राज्याच्या पुरातत्त्व खात्यास कळवावें, आणि अर्जाची पोंच घ्यावी.
(ऊ) गांवाजवळ पांढरीचें टेकाड असल्यास धाब्यावर घालण्याकरितां तेथील माती नेऊं नये; जुन्या वस्त्या अशाच ठिकाणीं निजलेल्या असतात.

उपदेशक व मास्तर ह्यांजकडे गांवचे लोक सल्ल्यास येतात. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज आपण लिहून द्यावा. एक कागद, आणि तीन हजार वर्षांची साक्ष वांचते.

विचारावयाचे प्रश्न

१. दायमाबादच्या वस्तूंच्या काळाविषयीं वाद कां राहिला?
२. सांपडलेली वस्तु घासून लख्ख केल्यानें काय नुकसान होतें?
३. मजुरास धन्याच्या शेतांत निधि सांपडला, तर कायद्यानें कोणाचा किती वांटा?
४. आपल्या गांवाच्या शिवारांत पांढरीची जागा कोणती, आणि तिची माती कोण नेतो?