खुर्ची एकट्या नवऱ्याची की दोघांची?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरच्या एका फर्निचरच्या दुकानात प्लॅस्टिकची बैठक आणि तिरके लाकडी पाय असलेली खुर्ची ‘ईम्स चेअर’ म्हणून विकायला ठेवली आहे. दुकानदार म्हणतो, ईम्स नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. मुलगी म्हणते, ते नवरा-बायको होते. खरे काय?
– एक वाचक, हुबळी

उत्तर : मुलीचे बरोबर आहे. चार्ल्स ईम्स इंजिनिअरही नव्हता. वास्तुकलेकडून आलेला माणूस. रे कैझर चित्रकार, न्यूयॉर्कला हान्स हॉफमन यांच्याकडे शिकलेली. मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कलासंस्थेत दोघांची ओळख झाली, १९४१ मध्ये लग्न झाले आणि बिऱ्हाड लॉस एंजेलिसला गेले.

खरी गंमत त्या बिऱ्हाडात आहे. चार्ल्स दिवसा एमजीएम स्टुडिओत सेटचे काम करी. रात्री दोघे मिळून घरातच प्लायवूड वाकवण्याचे यंत्र चालवत. प्लास्टरच्या साच्यात विजेच्या तारा, त्यावर गोंद लावलेले लाकडाचे पातळ पापुद्रे, आणि वरून दाब द्यायला सायकलच्या पंपाने फुगवलेला फुगा! खुर्ची जमण्याआधी त्यातून निघाली ती मोडलेला पाय बांधायची फळी. महायुद्धात अमेरिकी नौदलाने अशा सुमारे दीड लाख फळ्या घेतल्या. खुर्च्या त्यानंतरच्या. तुमच्या दुकानातल्या आकाराचे मूळ १९५० चे, तेव्हा बैठक फायबरग्लासची होती.

मग दुकानदाराला एकच माणूस का माहीत? त्याचा दोष नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात या खुर्च्यांचे प्रदर्शन भरले, त्याच्या नावातही फक्त चार्ल्सच होता. १९५६ मध्ये त्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची टीव्हीवर दाखवताना रेची ओळख, ही नवऱ्याला कशी मदत करते ते आता सांगेल, अशा थाटात करून देण्यात आली. आकार, रंग आणि मांडणी यांवर रेची नजर फिरल्याशिवाय त्या कार्यशाळेतून काही बाहेर पडत नसे. अमुक वळण कोणाचे आणि तमुक स्क्रू कोणाचा, हे मात्र शोधू नये. दोघांचे काम इतके मिसळलेले होते की तसा हिशेब लागत नाही.

आपल्याशी त्यांचे नाते खुर्चीपुरते नाही. भारत सरकारच्या बोलावण्यावरून हे जोडपे इथे हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचे, तर तांब्याचे! तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, ओतताना तोल कसा बदलतो, विकायला आणि घासायला कसा, असे सगळे प्रश्न त्यांनी मांडले. आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भांड्याकडे आपण कधी असे पाहिले नव्हते, हे कबूल करायला हवे. त्या अहवालातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आता तुमच्या खुर्चीविषयी. अस्सल ईम्स खुर्ची अमेरिकेत हर्मन मिलर आणि युरोपात व्हिट्रा ही कंपनी काढते, आणि बैठकीच्या खाली तसा शिक्का असतो. खुर्ची उलटी करून पाहा. शिक्का नसेल तर ती नक्कल समजा. बसायला सोयीची असेल तर खुशाल घ्या, पण नावाचे वेगळे पैसे देऊ नका.